दूरच्या देशातले भांडण

वर्षभर या पानावर आपली दर आठवड्याला गाठ पडते. कधी मी म्हणींवर लिहितो, कधी बसमधल्या सहप्रवाशांवर, कधी आमच्या मोरीतल्या गळक्या नळावर. आणि आपण ते मोठ्या मनाने वाचता. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी 'या वेळी जरा भारदस्त येऊ द्या' असे बजावले. भारदस्त म्हणजे नेमके काय, याचा विचार करीत मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी आमच्या कन्येने तो प्रश्न परस्पर सोडवला.

ती अकरावीत आहे. तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती आणि विषय होता, 'राष्ट्रहित हाच आंतरराष्ट्रीय सुरक्षिततेचा पाया होय.' चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा तिच्या वाट्याला अनुकूल बाजू आली. ती चिठ्ठी माझ्यापुढे आपटून ती म्हणाली,

"बाबा, मला हे मुळीच पटत नाही. आणि बोलायचं मात्र बाजूनं आहे!"

"पटत नसलेल्या बाजूनं बोलायला शिकणं हेच वादविवादाचं शिक्षण," मी प्राध्यापकी थाटात म्हणालो.

"ते राहू दे. मला मुद्दे द्या."

मी पडलो मराठीचा मास्तर. आम्हाला काहीच सुचले नाही की आम्ही शब्दाची व्युत्पत्ती काढून बसतो. तिला सांगितले, 'हित' हा शब्द 'धा' धातूपासून आला. 'ठेवलेले' हा त्याचा मूळ अर्थ. मराठीने त्यातून हितचिंतक काढला, हितशत्रू काढला आणि हितसंबंध नावाचे एक विलक्षण नातेही काढले. काका-पुतण्यांत रक्ताचा संबंध असतो, मित्रामित्रांत जिव्हाळ्याचा. पण जिथे यांपैकी काहीच नाही आणि तरी दोघे एकमेकांना धरून आहेत, तिथे हितसंबंध असतो. राष्ट्राराष्ट्रांमधली सोयरीक बहुधा याच जातीची.

"म्हणजे कामापुरता मामा," ती म्हणाली.

"तसंच काहीसं."

"मग कामापुरत्या मामाच्या भरवशावर कुणी सुरक्षित कसं राहील?"

प्रश्न सरळ होता. उत्तर देण्यासाठी मी कपाटावरून जुना ॲटलास काढला, त्यावरची धूळ झटकली आणि आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर युरोप पसरून बसलो. वाचकहो, त्या रात्री आम्ही जे पाहिले तेच आपल्यापुढे मांडतो. दोन लहान देशांची ही कहाणी आहे. दोघांनाही बड्या राष्ट्रांनी शब्द दिला होता. एकासाठी तो पाळला गेला, दुसऱ्यासाठी मोडला गेला.

पहिला देश बेल्जियम. 1830 मध्ये तो हॉलंडपासून फुटून निघाला. 1839 साली लंडनला तह झाला आणि ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रिया, प्रशिया व रशिया या पाच बड्या सत्तांनी त्याच्या तटस्थतेची हमी घेतली. पंचाहत्तर वर्षे तो कागद दप्तरात पडून होता. मग 4 ऑगस्ट 1914 रोजी, फ्रान्सवर चालून जाण्याची सोयीची वाट म्हणून, जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या. ब्रिटनने निर्वाणीचा खलिता धाडला. त्या संध्याकाळी बर्लिनमधल्या ब्रिटिश वकिलाने चॅन्सेलर बेथमान-होलवेग यांची भेट घेतली, तेव्हा केवळ कागदाच्या एका कपट्यासाठी तुम्ही आमच्याशी लढणार काय, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे वकिलाने कळवले. ते जगभर गाजले. त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरले.

"म्हणजे शब्द पाळला की!" कन्या म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

"पाळला. पण आता नकाशा बघ."

बेल्जियमचा किनारा उत्तर समुद्रावर, इंग्लंडच्या अगदी समोर. तिथून जवळच डोव्हरची सामुद्रधुनी, जी अरुंद ठिकाणी जेमतेम तेहतीस-चौतीस किलोमीटर रुंद आहे. तो किनारा कोणाही प्रबळ सत्तेच्या मुठीत जाऊ द्यायचा नाही, हे इंग्लंडच्या राजनीतीचे शतकानुशतकांचे सूत्र. स्पेनच्या राजाविरुद्ध आणि पुढे नेपोलियनविरुद्ध ते ज्या कारणांसाठी लढले, त्यांत हे एक कारण होतेच. 1914 मध्ये इंग्लंडच्या मंत्रिमंडळात युद्ध नको म्हणणारे पुष्कळ होते. बेल्जियमने त्यांतल्या बहुतेकांची मने वळवली. तहाचा कागद खरा होता आणि संतापही खरा होता. पण त्या कागदाखाली भूगोलाचा खडक होता, म्हणून तो वाऱ्यावर उडाला नाही.

आता दुसरा देश, झेकोस्लोव्हाकिया. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 28 ऑक्टोबर 1918 ला तो जन्माला आला. मासारिक नावाचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. (हे सांगताना माझी मान किंचित ताठ झाली, हे कन्येच्या नजरेतून सुटले नाही.) आजूबाजूच्या देशांत एकामागून एक हुकूमशहा येत असताना या देशात निवडणुका होत होत्या आणि वर्तमानपत्रे मोकळेपणी लिहीत होती. पिल्सनला श्कोडाचा तोफांचा प्रचंड कारखाना होता. पश्चिमेला डोंगरांची नैसर्गिक तटबंदी होती आणि त्या डोंगरांत देशाने काँक्रीटचे मोर्चे बांधले होते. पण त्याच डोंगरपट्ट्यात, सुडेटन प्रदेशात, तीस लाखांहून अधिक जर्मन भाषिक राहत होते. हिटलरने नेमके तेच बोट धरले.

या देशाला शब्द कोणी दिला नव्हता? फ्रान्सने 1924 मध्ये मैत्रीचा करार केला आणि 1925 मध्ये मदतीचा. रशियाने 1935 मध्ये केला, पण त्यात एक खुंटी मारून ठेवली होती: फ्रान्स आधी मदतीला आला तरच रशिया येणार. कर्जाला दोन जामीन असावेत आणि दुसऱ्याने 'पहिला उभा राहिला तर मी आहेच' म्हणावे, तसे हे झाले. आणि ब्रिटन? 1925 च्या लोकार्नो कराराने ब्रिटनने जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियम यांच्यामधल्या सीमांची हमी घेतली होती. जर्मनीच्या पूर्वेकडच्या सीमांची मात्र घेतली नव्हती. तिथे वाद उपटलाच तर लवाद नेमावा, एवढ्यावर भागवले होते. पश्चिमेला हमी आणि पूर्वेला लवाद! एकाच खंडात सुरक्षितता अशी दोन प्रतींची वाटली गेली, आणि कोणाच्या वाट्याला कोणती प्रत आली हे हिटलरनेही वाचले असणारच. त्या कराराबद्दल ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबर्लेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सावत्र धाकटे बंधू नेव्हिल 1938 मध्ये पंतप्रधान होते.

मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि झेकोस्लोव्हाकिया तीन बाजूंनी वेढला गेला. सप्टेंबरात त्याने सुडेटनची मागणी रेटली. एकोणसत्तर वर्षांचे नेव्हिल चेंबर्लेन पंधरा दिवसांत तीनदा विमानाने जर्मनीला गेले. 27 सप्टेंबरच्या रात्री ते रेडिओवर बोलले. ज्यांच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, अशा दूरच्या देशातल्या लोकांच्या भांडणापायी आपण इथे खंदक खणावेत, विषारी वायूचे मुखवटे चढवून पाहावेत, हे किती भयंकर आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

"किती स्वार्थी!" कन्या म्हणाली.

मी तिला थांबवले. चेंबर्लेनना शिव्या देणे आज फार सोपे झाले आहे. वीस वर्षांपूर्वीच्या युद्धात ब्रिटनचे सात लाखांहून अधिक जवान मेले होते. घराघरांत एकेक तसबीर होती. हवाई दलाची तयारी अपुरी होती, सिंगापूरपासून पॅलेस्टाइनपर्यंत साम्राज्य पसरलेले होते आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींना दुसरे युद्ध नको होते. फ्रान्स आपल्या माजिनो तटबंदीच्या आड बसला होता. शेजारच्या पोलंडला तेशेनचा तुकडा हवा होता, हंगेरीला स्लोव्हाकियाची दक्षिणपट्टी हवी होती. ज्याने त्याने आपापले राष्ट्रहित तागडीत घातले आणि प्रत्येकाच्या तागडीत झेकोस्लोव्हाकिया हलका भरला. तो देश विकावा असे कोणी मनात आणले नव्हते. प्रत्येकजण आपले घर सांभाळत होता, इतकेच.

29 सप्टेंबरला म्युनिकला चौघे जमले: हिटलर, मुसोलिनी, चेंबर्लेन आणि फ्रान्सचे दालादिये. झेकोस्लोव्हाकियाला बोलावणे नव्हते. त्याचे दोन प्रतिनिधी शहरात आले होते. त्यांना हॉटेलात बसवून ठेवण्यात आले. मध्यरात्र उलटून गेल्यावर करारावर सह्या झाल्या आणि मग त्या दोघांना बोलावून नकाशा हातात ठेवण्यात आला. मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता; निर्णय झाला होता. चेंबर्लेन लंडनला परतले तेव्हा लोकांनी रस्तोरस्ती त्यांचा जयजयकार केला.

इथवर पोहोचेतो रात्रीचे अकरा वाजले. कन्येने वही भरून टिपणे काढली आणि ॲटलास मिटला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आमच्या सोसायटीची मीटिंग होती.

आता जरा घरगुती विषयांतर करतो. पण ते विषयांतर आहे की नाही, हे आपणच शेवटी ठरवा. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, एकट्याच असतात. त्यांच्या मागच्या दाराशी फरशी घातलेले अंगण आहे: एक तुळस, एक पारिजातक, कपडे वाळत घालायची दोरी आणि संध्याकाळी बसायला एक लोखंडी खुर्ची. बिल्डरने ते तोंडी त्यांच्या यजमानांना दिले होते, कागद नाही. इमारतीत माणसे तेवढीच राहिली, गाड्या मात्र वाढल्या. ते अंगण मोकळे केले तर दोन गाड्या सहज लागतात, असे कमिटीच्या लक्षात आले होते.

काकूंना ही कुणकुण लागली होती. भाद्रपदात त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे नाशिकला निघाल्या, तेव्हा घराची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "प्रोफेसर, लक्ष असू द्या हो. मागे काही ठरवतील ही मंडळी."

मी म्हणालो, "काकू, अगदी निर्धास्त जा. आम्ही आहोत ना!"

मीटिंगमध्ये विषय निघाला. सेक्रेटरींनी फार सौम्य शब्दांत मांडला. कुणाचे नुकसान करायचे नाही. तुळस कुंडीत हलवता येईल. पारिजातकाच्या मुळांनी भिंतीला ओल येतेच आहे. मग त्यांनी दोन जागा कोणाला द्यायच्या ती यादी वाचली. दुसरे नाव माझे होते. गेल्या वर्षी मी एक जुनी गाडी घेतली. ती रस्त्यावर उभी असते आणि दर महिन्याला तिच्यावर एक नवा ओरखडा उठतो. मनात आले, एकट्याने विरोध करून काय होणार? बहुमत ठरलेलेच आहे. उगाच बावीस घरांशी वाकडे कशाला? पुढच्या महिन्यात आमच्या गच्चीच्या गळतीचा खर्च मंजूर व्हायचा आहे. काकूंना काय, बसायला पुढची पायरी आहेच.

हात वर झाले. मीही केला.

दुपारी जेवणे झाल्यावर कन्येने भाषण म्हणून दाखवले. म्युनिकच्या हॉटेलातल्या त्या दोन प्रतिनिधींचा प्रसंग तिने फार चांगला उभा केला होता. 'ज्याच्या घराची वाटणी, तोच दाराबाहेर,' असे एक वाक्यही तिने स्वतःच घातले होते. मी वाहवा म्हणालो. आमची ही पानाचे डबे आवरीत होती. मान वर न करता तिने विचारले,

"अहो, मीटिंगचं काकूंना कळवलं होतं का कुणी?"

"नोटीस लावली होती बोर्डावर."

"त्या नाशिकला आहेत."

मी काही बोललो नाही. कन्येने एकदा माझ्याकडे आणि एकदा आईकडे पाहिले आणि वही मिटून ती आत गेली. टेबलावर ॲटलास तसाच पडला होता. मी तो उचलून कपाटावर ठेवला. पुन्हा उघडण्याचे त्या दिवशी मला धैर्य झाले नाही.

गोष्ट मात्र म्युनिकपाशी संपत नाही. ती पुढे सांगितली नाही, तर राष्ट्रहिताचा विषय अर्धाच राहतो. सुडेटनबरोबर डोंगरही गेले आणि डोंगरांतले मोर्चेही गेले. 5 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी राजीनामा दिला. पोलंडने तेशेन घेतले, हंगेरीने नोव्हेंबरात आपला वाटा उचलला. 15 मार्च 1939 रोजी हिटलरच्या फौजा प्रागमध्ये आल्या आणि श्कोडाचा कारखाना, तोफा, रणगाडे सगळे आयते त्याच्या हाती पडले. सहा महिन्यांच्या आत पोलंडवर घाला आला. त्याआधीच, 23 ऑगस्टला, रशियाने आपले हित हिटलरशी तह करण्यात आहे असे ठरवले होते. तेशेन मिळवून अकरा महिने होतात न होतात तोच वॉर्सावर बाँब पडू लागले. 10 मे 1940 ला जर्मनीने पश्चिमेकडे मुसंडी मारली, तेव्हा बेल्जियममधून फ्रान्समध्ये घुसलेल्या रोमेलच्या डिव्हिजनमधले बरेचसे रणगाडे झेक बनावटीचे होते.

दूरच्या देशातले भांडण असे जवळ येते. ते केवळ लंडन-पॅरिसच्या जवळ आले असे नाही. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी, येथल्या एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता, हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ मुंबई इलाख्यातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची सारी मंत्रिमंडळे बाहेर पडली. तरी आपली माणसे लढायला गेलीच. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा. त्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले, ते निकामी केले आणि तिथेच शत्रूच्या गोळीने पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्युनिकमध्ये चौघांनी नकाशावर रेघ ओढली, तेव्हा माणगावकडच्या या सोळा वर्षांच्या पोराला झेकोस्लोव्हाकिया हे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दूरचा देश कोणाचा आणि भांडण कोणाचे!

मग राष्ट्रहित ही वाईटच गोष्ट मानायची काय? मला तसे वाटत नाही. 1914 मध्ये बेल्जियमच्या बाजूने उभे राहिले ते राष्ट्रहितच होते आणि 1938 मध्ये पाठ फिरवली तेही राष्ट्रहितच होते. फरक कुठे पडला? हित कुठवर जाऊन ठेवायचे, यात पडला. चेंबर्लेननी ते इंग्लिश खाडीच्या काठावर ठेवले. बोहेमियाच्या डोंगरात आपल्या घराची पहिली भिंत उभी आहे, हे त्यांना दिसले नाही. ती पडली तेव्हा दुसरी भिंत पोलंडमध्ये आहे असे वाटून, 31 मार्च 1939 ला, त्यांनी घाईघाईने पोलंडला हमी दिली. ती हमी शेवटी पाळलीही. पण तोवर झेकांच्या तोफा पलीकडच्या बाजूला गेल्या होत्या.

युद्ध संपल्यावर काही शहाण्या माणसांनी निराळाच मार्ग काढला. राष्ट्रे हित सोडत नाहीत ना? मग हितेच एकमेकांत गुंतवून टाका! 9 मे 1950 ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमन यांनी सुचवले की फ्रान्स व जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाकडे सोपवावे. कोळसा आणि पोलाद म्हणजे तोफा ओतण्याचा मालच. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी पॅरिसला त्यावर सह्या केल्या. सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांचे गळे धरणारे हे शेजारी त्यानंतर एकमेकांवर चालून गेले नाहीत. त्यांचे हृदयपरिवर्तन झाले की नाही, देव जाणे. पण दोघांची चूल एका लाकडावर पेटू लागली, एवढे नक्की.

जिथे असे गुंतणे झाले नाही तिथे कागद अजूनही उडतात. सोव्हिएत संघ मोडल्यावर युक्रेनच्या भूमीवर उरलेली अण्वस्त्रे त्या देशाने सोडून द्यावीत, म्हणून 5 डिसेंबर 1994 ला बुडापेस्टला रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचे आश्वासन दिले. शब्द नीट पाहा: आश्वासन, 'हल्ला झाल्यास आम्ही लढू' ही हमी नव्हे. 2014 मध्ये सही करणाऱ्यांपैकी रशियानेच क्रिमिया घेतला आणि 24 फेब्रुवारी 2022 ला अनेक बाजूंनी स्वारी केली. बाकीच्यांनी शस्त्रे दिली, पैसा दिला; आपल्या फौजा धाडल्या नाहीत. आम्हा भाषेच्या मास्तरांना लोक हसतात. पण एका शब्दाने देशाचे भवितव्य कसे लोंबकळते, ते असे पाहायला मिळते.

आपण तरी या नियमाला अपवाद कुठे? 1971 च्या जुलैत किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला जाऊन आले. चीनशी दोस्ती हे अमेरिकेचे त्या घडीचे मोठे हित, आणि पाकिस्तान हा त्यातला मध्यस्थ. मग पूर्व बंगालमधल्या आक्रोशाकडे कोण लक्ष देणार? तिकडे रशियाचे चीनशी उसुरी नदीच्या काठी 1969 मध्ये खटके उडाले होते. 9 ऑगस्टला भारत आणि रशिया यांचा करार झाला. डिसेंबरात लढाई जुंपल्यावर अमेरिकेने एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, तर सुरक्षा समितीत रशियाने आपल्या बाजूने नकाराधिकार वापरला. आपल्याला रशियाची मैत्री आठवते आणि ती आठवावीच. पण त्या मैत्रीच्या मुळाशी उसुरीचे पाणी होते, हेही विसरू नये. आपली बाजू न्यायाची होती, हे आपले भाग्य. आपल्या न्यायाला दुसऱ्याच्या हिताचा टेकू मिळाला, हे आपले शहाणपण.

आता पुन्हा आमच्या इमारतीत येतो. त्या रविवारनंतर दोन दिवस मी गप्प होतो. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींना पत्र दिले: माझे मत मागे घेतो, गाडीची जागा मला नको, काकू परत आल्यावर त्यांच्यासमोर विषय पुन्हा घ्यावा. सेक्रेटरी चकित झाले. "सर, यादीत तुमचंच नाव आहे!" ते म्हणाले. पुढच्या बैठकीत मी बोललो. म्युनिकचे नाव काढले नाही, पण बाकी सगळे बोललो. दोघांनी माना डोलावल्या. बाकीचे छताकडे पाहत होते.

आणि मग त्याच आठवड्यात प्लंबर आला. फरशी किती वजन सोसेल हे पाहायला कमिटीने त्याला बोलावले होते. त्याने पहारीने एक कोपरा उचकटला आणि म्हणाला, "साहेब, हितं गाडी चढवू नका. खाली जुन्या पाण्याच्या टाकीचा स्लॅब आहे. गाडीबी खाली जाईल आन् बिल्डिंगचं पाणीबी."

एका तासात ठराव रद्द झाला. सारी इमारत त्या अंगणाविषयी अकस्मात जिव्हाळ्याने बोलू लागली. पारिजातकाचीही कोणी तरी स्तुती केली. माझ्या भाषणाने दोन मते फिरली होती. टाकीच्या झाकणाने बाकीची सारी. काकूंचा त्या दिवशी झेकोस्लोव्हाकियाचा बेल्जियम झाला.

कन्येला मी हे सांगितले, तेव्हा ती हसली, पण मग म्हणाली, "बाबा, टाकी नसती तर?" तिच्या स्पर्धेत तिला दुसरा क्रमांक मिळाला. भाषणाच्या शेवटी तिने हाच प्रश्न विचारला होता म्हणे, तिच्या बाजूला तो अडचणीचा असूनही. पायाखाली टाकी आहे की नाही हे आधी कुणालाच ठाऊक नसते. म्हणून सगळीकडे टाकी आहे असे समजूनच पाऊल टाकावे, यातच सर्वांचे हित आहे, असे ती म्हणाली. मी या विषयावर चार रात्री खर्चून जे सांगू शकलो नाही, ते तिने एका वाक्यात सांगितले.

काकू दसऱ्याच्या आधी परतल्या. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापूर्वी आपणच सांगावे म्हणून मी किल्ली घेऊन खाली गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले,

"पहिल्या बैठकीला तुम्ही होतात ना?"

"होतो."

"हात वर केला होतात?"

"केला होता, काकू."

त्या थोडा वेळ पारिजातकाकडे पाहत राहिल्या. मग आत जाऊन चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला.

आता दिवाळीला त्या पुन्हा चार दिवस लेकीकडे निघाल्या आहेत. काल मी करंज्यांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्याच हातात ठेवली. मला बरे वाटले. पण किल्लीबरोबर एक चिठ्ठीही होती. तीवर लेकीचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

"बोर्डावर नोटीस लागली, तर मला आधी कळवा," काकू म्हणाल्या. "मी स्वतः येईन."